लाल चिंधीचा डबा

माझं गाव कणकवलीच्या पुढं, आत, सात घरांची वाडी, नाव सांगून तुम्हाला काय कळायचं नाही. शेणाने सारवलेली जमीन, वर कौलाचे नळे, आणि पावसाळा लागला की ज्याला बाहेर राहवत नाही ते सगळं आत येणार, बेडूक येणार, गोम येणार, मुंगळ्यांची रांग येणार. एकदा तर चुलीजवळच्या लाकडांत साप होता हो. माझ्या बापाने त्याला मारला नाही, दार सताड उघडं टाकलं आणि आम्हा सगळ्यांना पडवीत नेऊन बसवलं, म्हणाला त्याला जाऊदे मग आपण जेवू, आणि आम्ही आपले बसलो, पेज थंड झाली. आणि हाच माझा बाप, विंचू दिसला की वहाण काढून असा हाणायचा की जमिनीला खड्डा पडायचा. तर हे मी लहानपणापासून बघत आलेय, घरात आलेल्याला मारायचं की नाही याचा प्रत्येक घरात वेगळा कायदा, आणि ज्याचा त्याला बरोबर वाटतो. तुम्ही विचारायला आलात म्हणून सांगते, नाहीतर ह्यात सांगण्यासारखं काय आहे, बारा-तेरा वर्षं मी झुरळं मारण्यावर घर चालवलं.

सतराव्या वर्षी लग्न झालं आणि लालबागला आले. आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे माग चालवायचे, कापड विणायचं खातं. खोली तिसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून, आत मोरी, आणि माझ्याआधी त्या खोलीत ह्यांच्या गावचे आठ-नऊ गडी राहायचे, पाळीपाळीने झोपायचे, एक उठला की त्याच्या गरम वळकटीवर दुसरा. गडी गेले, ढेकूण राहिले. काय सांगू तुम्हाला, पहिल्या आठवड्यात माझ्या पाठीवर बोट ठेवायला जागा नव्हती. रविवार आला की अख्ख्या चाळीच्या खाटा गॅलरीत, धाड धाड आपटायच्या, उकळतं पाणी ओतायचं, आणि ढेकूण पडले की म्हातारेकोतारे, पोरंबाळं, सगळे चिरडायला. हे पण चिरडायचे, अंगठ्याच्या नखाने, एकेक, मनापासून. पण झुरळ नाही. झुरळाला मारायचे नाहीत. मी म्हटलं हा काय प्रकार, तर म्हणाले, जो चावतो त्याला मारावं, झुरळ कोणाला चावलंय, ते आपलं खरकटं खातं नि जातं. असा ह्यांचा कायदा. मी नवी नवरी, गप्प बसले. पण मला झुरळाची किळस, पहिल्यापासून, ती मिशा हलवत बघतात ना आपल्याकडं, ते मला सहन होत नाही, अजून होत नाही.

मग संप आला. तो मोठा, सगळ्या गिरण्यांचा, तुम्हाला ठाऊकच असणार. पहिल्यांदा वाटलं महिना, मग वाटलं गणपतीपर्यंत, मग दिवाळीपर्यंत. मी पोरीला, सुलूला, घेऊन गावाला गेले, वर्षभर सासूच्या चुलीवर राहिले, पण तिचीच चूल धड पेटत नव्हती. शेवटी परत आले तेव्हा सासूला पण घेऊन आले, ती आणि एक तांदळाचं बोचकं. संप मिटला असं आम्हाला कोणी येऊन सांगितलंच नाही, तो तसाच विरून गेला, गिरणीने कोणाला घेतलं कोणाला नाही घेतलं, ह्यांना नाही घेतलं. रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून गेटवर जायचे नि परत यायचे. मग एक दिवस गेलेच नाहीत. बसले ते बसलेच, दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, आणि खोकला, कापसाचा भुगा छातीत बसलेला, तो खोकला.

आणि बसल्या बसल्या ह्यांचं लक्ष झुरळांकडं. दिसलं की वर्तमानपत्राचा तुकडा घ्यायचा, त्यावर अलगद चढवायचं आणि गॅलरीतून खाली सोडायचं. खाली दुसऱ्या माळ्यावरची बाई सांडगे वाळत घालायची. एकदा पडलं तिच्या सांडग्यांत, तिने जो तोंडाचा पट्टा सोडला तो संध्याकाळपर्यंत. मग हे कागदात धरून तीन माळे उतरून गटाराजवळ सोडून यायचे, खोकत खोकत वर चढायचे, आणि मी म्हणायची, तुम्ही वर यायच्या आधी ते पाइपाने मोरीत आलंय बघा. हसायचे नाहीत. एकदा म्हणाले, मला गेटवरून परत पाठवतात तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे, मी त्याला चपलेने कशाला मारू, बाहेर ठेवतो, परत आलं तर येऊदे. मला राग आला तेव्हा. घरात पिठाची मारामार आणि हा माणूस झुरळाला जिन्याने पोचवायला जातो. आता राग नाही. तेव्हा होता, खोटं कशाला बोलू.

धंदा कसा सुरू झाला ते सांगते. आमच्या चाळीत तळमजल्याला मंडळाची खोली होती, तिथं कॅरम चालायचा, संपात तर दिवसभर, कामच नव्हतं कोणाला. ती खोली झाडायचं काम मी धरलं होतं. तर कपाटात जिथं कॅरमच्या पावडरीचा डबा ठेवायचे ना, तिथं दर वेळी चार-पाच झुरळं उताणी, मेलेली. दुसरीकडं नाही, तिथंच. मी काय शिकलेली नाही, चौथीपर्यंत, पण डोळे आहेत. औषधाच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला ती बोरिक पावडर, झुरळ त्यावरून चालतं, मग पाय चाटत बसतं, त्याला पाय स्वच्छ लागतात, चाटलं की पोटात जातं नि तीन-चार दिवसांत संपतं. म्हणजे बघा, टापटिपीपायी मरतं ते. मी तांदळाचं पीठ घेतलं, पिठीसाखर घातली, पावडर घातली, पाण्यात मळून सुपारीएवढ्या गोळ्या केल्या, मोरीत ठेवल्या. आठवड्याने मोरी साफ. शेजारणीने मागितल्या, मग खालच्या सांडगेवालीने मागितल्या, मग मी पुड्या बांधल्या, पिशवीत घातल्या नि निघाले.

चिंचपोकळीला लहान लहान कारखाने होते तिथं द्यायची, दादरला दोन दुकानदार ठेवून घ्यायचे, पण खरं गिऱ्हाईक गिरगावात. गिरगावातल्या चाळी आमच्यासारख्याच, तेच लाकडी जिने, त्याच गॅलऱ्या, पण माणसं कचेरीतली, बायका शाळेत शिकवणाऱ्या, बोलणं कसं, अहो बसा ना, पाणी घेता का. आणि तिथं मी शिकले की मारतात, मरतात असला शब्द तोंडातून काढायचा नाही. ठाकुरद्वारला एक वहिनी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ह्याने मरतात का हो. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, सगळी मरतात. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, अगंबाई, मग नको, आमच्याकडे हत्या करत नाहीत, नुसती जातील असं काही नाही का तुमच्याकडे. मी दोन पायऱ्या उतरले आणि परत वर गेले, म्हटलं वहिनी, ह्याने जातात, कुठं जातात ते मी काय बघितलं नाही. त्यांनी चार पुड्या घेतल्या. तेव्हापासून सगळीकडं जातात म्हणायचं. पण एकादशीला गेले तर त्या वहिनी पुडी घ्यायच्या नि फळीवर ठेवून द्यायच्या, म्हणायच्या आज नको, उद्या टाकते. म्हणजे त्यांना पण ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असतं हो, तोंडाने कोणी म्हणायचं एवढाच प्रश्न. मी त्यांना हसायची नाही, माझ्या बापाच्या विंचवाचं नि सापाचं तरी काय वेगळं होतं.

घरी मात्र कोणी गोड बोललं नाही. सासू शेवटपर्यंत मालवणीच बोलली, मुंबईत राहून एक अक्षर बदललं नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, काय गो, जीव मारून पोट भरूचा? मी म्हटलं, मासे खाताना नाही कधी विचारलंत.  दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मिसळणाचा डबा बघितला, पीठ, साखर, पावडर कोरडं मिसळून मी भरून ठेवायची तो, आणि आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून त्याच्या कडीला बांधली, घट्ट, दोन गाठी मारून. कारण घरातल्या पिठाचा डबा पण तसाच, तुपाचाच रिकामा डबा, दोन्ही पिठं पांढरी, आणि सुलू तेव्हा नऊ वर्षांची, भाकऱ्या थापायला शिकत होती, उद्या तिने ह्याच्या थापल्या तर काय घ्या. त्या चिंधीला तेव्हापासून कोणी हात लावला नाही.

आणि हे? ह्यांनी गोळीला कधी बोट लावलं नाही. पण पुड्यांचा कागद हेच कापायचे, एकसारखा, पट्टी न लावता, आणि घडी अशी घालायचे की दोरा लागायचा नाही. म्हणायचे, कागदाचं काम माझं, आतलं तुझं तू बघ. दादरचा दुकानदार एकदा म्हणाला, बाई, पुडी कोण बांधतं हो तुमच्याकडं, फार छान. मी म्हटलं, माझे मालक. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर दोन दिवस खूश, खोकला पण कमी वाटला मला.

संपानंतर सातव्या वर्षी हे गेले. शेवटची दोन वर्षं फार वाईट, आडवं होता यायचं नाही, बसूनच झोपायचे, समोर उशी घेऊन त्यावर डोकं टेकून, आणि सासू पाठ चोळत बसायची. मी गिरगावात, मी दादरला, मी चिंचपोकळीला, पाठ तीच चोळायची. एकदा म्हणाले, आई, पुरे झालं गो आता. ती चोळत राहिली. गेले ते सकाळी, दाराजवळ, त्यांच्या नेहमीच्या जागी, मी चहा गाळत होते. रडले का विचारताय? नाही रडले. लोक बघत होते की ही रडत कशी नाही. मला रडू लवकर येत नाही, तो माझा दोष आहे, लहानपणापासून.

आता आमच्यात एक पद्धत आहे, तुमच्यात आहे का नाही मला ठाऊक नाही. बाराव्याच्या संध्याकाळी जिथं जीव गेला ती जागा सारवायची, म्हणजे मुंबईत पुसायची, त्यावर पीठ पसरायचं पातळ, दिवा ठेवायचा, वर टोपली झाकायची, आणि सकाळी उघडून बघायचं पिठावर काय उमटलंय. पाखराचं पाऊल असेल तर माणूस पाखराच्या जन्माला गेला, मुंगीचं असेल तर मुंगी, गाईच्या खुरासारखं काही दिसलं तर सगळे हात जोडतात. काहींच्यात पहिल्याच दिवशी करतात, आमच्यात बाराव्याला. माझा विश्वास विचाराल तर नाही, तेव्हा पण नव्हता, लालबागच्या तिसऱ्या माळ्यावर गाय कुठून येणार हा विचार तेव्हाच माझ्या मनात आलेला. पण करायचं म्हणजे करायचं. सासू म्हणाली, पीठ मिया पसरतंय, माझो झील तो. झील म्हणजे मुलगा. मी तेराव्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत बसले होते, मी तिकडं बघितलं पण नाही.

सकाळी टोपली उचलली. दिवा विझलेला, आणि पिठावर इकडून तिकडं बारीक बारीक टिंबं, दोन्ही बाजूला, आणि मधे पोट घासल्याची रेघ. मुंगी नाही, पाखरू नाही. मला कोणी सांगायला नको होतं, माझा धंदाच तो. सासूला मोतीबिंदू, वाकून वाकून तिने नाक जवळजवळ पिठाला टेकवलं, मग सरळ झाली आणि म्हणाली, झुरळ झालो माझो झील. नुसतं सांगितलं, रडणं नाही, काही नाही. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, आता गोळ्ये मळू नको. मी सांगान तेवा मळ.

ताई, समजून घ्या काय झालं ते. पोरीची नववी, घरात कमावणारी मी एकटी, दिवाळी तोंडावर, दिवाळीच्या साफसफाईलाच गोळ्या सगळ्यांत जास्त जातात, दादरच्या दोन्ही दुकानांत सांगून ठेवलेलं, आणि सासू म्हणते मळू नको. कधीपर्यंत? वर्षभर? कायमचं? विचारायची सोय नव्हती, तिचा पोरगा गेलेला. आम्ही तिघींनी खायचं काय. मी मनात म्हटलं, जिवंत होता तेव्हा झुरळांना जिन्याने पोचवायला जायचा, आता स्वतः झुरळ होऊन माझा धंदा बंद करतोय. असं आलं मनात, खरं सांगते.

पुढचं ऐका. ते पीठ मोरीत टाकायचं नसतं, वाहत्या पाण्यात सोडायचं असतं, म्हणून मी कागदावर भरायला बसले. चिमटीत धरलं नि चिमूट घसरली. तांदळाचं पीठ असं घसरत नाही, ते बोटाला चिकटतं. मी परत धरलं, परत घसरलं. जिभेला लावलं, गोड. थुंकले नि तशीच बसून राहिले. वर फळीवर बघितलं तर लाल चिंधीचा डबा पुढं ओढलेला, झाकण नीट बसलेलं नाही. म्हातारीने माझ्या डब्यातलं पीठ घेतलं होतं. डोळे अधू, डबे सारखे, संध्याकाळच्या उजेडात चिंधी दिसली नसणार. म्हणजे ते जे कोणी होतं, झुरळ होतं, ते त्या पिठावरून इकडून तिकडं चालून गेलं होतं आणि आता कुठंतरी फटीत बसून पाय चाटत होतं. तीन दिवस, फार तर चार.

मी कोणाला बोलले नाही. बोलणार काय, आई, तुमच्या मुलाला तुम्ही विष घातलंत म्हणून? आणि विष कोणाचं, तर माझं. कसंही फिरवलं तरी मीच. आणि ती बाई कोसळली असती. मी मनाला समजावलं, अगं झुरळ ते झुरळ, चाळीत हजार आहेत, साखरेच्या वासाला आलं असेल. कळत होतं मला. पण कळून काय, मी पाऊल टाकताना खाली बघून टाकायला लागले. मोरीत पाणी ओतायच्या आधी बादली आपटायची, म्हणजे असेल तर बाजूला होईल. दुसऱ्या दिवशी भाताची चार शितं मुद्दाम कोपऱ्यात राहू दिली. फळीखाली वाटीत पाणी ठेवलं, कारण ती पावडर पोटात गेली की ती पाण्याकडं येतात, मी बघितलेलं. आतापर्यंत मी किती मारली असतील त्याला गणती नाही, आणि एकाला पाणी ठेवत होते. सुलूने विचारलं, आई ही वाटी कशाला, म्हटलं मांजरासाठी. आमच्याकडं मांजर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाराजवळची ती जागा पुसताना भिंतीला टेकवून ठेवलेला कागदांचा गठ्ठा हाताला लागला. पुड्यांचे कागद, ह्यांनी आजारपणात कापून ठेवलेले, एकसारखे, कोपऱ्याला कोपरा. तेव्हा मला रडू आलं. इतके दिवस लोक वाट बघत होते तेव्हा नाही आलं, तिथं एकटी फरशीवर बसून आलं. मला माझा नवरा पाहिजे होता, खोकणारा का असेना, बिनकामाचा का असेना, तिथं त्या भिंतीला पाठ लावून बसलेला पाहिजे होता. बाकी मला कोणी कुठल्या जन्माला गेलं त्याचं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी मोरीतून बाहेर आले तर सासू दाराजवळ, ह्यांच्याच जागी बसलेली, आणि तिच्यासमोर फरशीवर ते. उताणं. मोठं, तांबडं. पाय हलत होते हळूहळू, एक हलायचा, मग थांबून दुसरा. म्हटलं आता हिला कळणार. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, पाणी हाड गो. हाड म्हणजे आण. मी फळीखालची वाटी आणून दिली. तिने करंगळीने एक थेंब त्याच्या तोंडाशी सोडला, गॅलरीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान आणून बाजूला ठेवलं, पान त्याच्याएवढंच होतं. आम्ही दोघी बसून राहिलो. दूधवाल्याने कडी वाजवली, कोणी उठलं नाही, तो आपला पुढं गेला. मग शेवटचा पाय पण थांबला.

मला राहवलं नाही. म्हटलं, आई, चूक माझी आहे, मी तो डबा तुमच्या हाताशी ठेवायला नको होता, तुम्हाला दिसलं नाही, ते पीठ माझ्या गोळ्यांचं होतं. ती म्हणाली, माका दिसता गो. चिंदी मियाच बांधलंय मा?

 मी तोंडाकडं बघत राहिले. म्हणाली, पाखरू झालो असतो तर उडान गेलो असतो, पिठान तेका काय झाला नसता. पण किडो झालो तर? परत कोणाच्या तरी मोरयेत, परत कोणाच्या तरी चपलेखाली. खूप सोसल्यान गो तेना. पुरे झाला म्हणालो माका, मिया तेवा काय करू शकलंय नाय. म्हटलंय, आता तरी सुटांदे लवकर.

एवढं बोलली आणि उठली. ह्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद मागितला, त्यावर ते घेतलं, पान वर ठेवलं. घडी मी घातली, ह्यांच्यासारखी नाही जमली पण घातली. पुडी हातात धरून ती कठडा धरत धरत तीन माळे उतरली, मी येते म्हटलं तर नको म्हणाली, आणि खाली कुठं ठेवून आली ते मला सांगितलं नाही. वर आली, दम खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, आता मळ तुझ्ये गोळ्ये, दिवाळी इली.

मी मळल्या. त्याच दुपारी मळल्या. पण एक झालं, त्यानंतर मला गिऱ्हाइकापुढं जातात म्हणता येईना. ठाकुरद्वारच्या वहिनींना मी सांगितलं, वहिनी, ह्याने मरतात, तीन-चार दिवस लागतात, शेवटी उताणी पडून पाय हलवतात, बघवत नसेल तर बघू नका. त्यांनी फळीवरची जुनी पुडी काढून बघितली. मग म्हणाल्या, दोन द्या. दोनच घेतल्या, चार नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली, सुलूचं शिक्षण झालं त्यावर, लग्न झालं. पुढं बाजारात तयार औषधं आली, ट्यूबमधली, फवारायची, माझ्या गोळ्या कोण घेणार, धंदा आपोआप बसला. मला वाईट नाही वाटलं.

सासू त्यानंतर नऊ वर्षं जगली, गेली ती गावाला. तिच्या बाराव्याला पीठ मी ठेवलं. साधं, तांदळाचं, ताजं दळून आणलेलं. हात जरा थांबला होता, नाही म्हणत नाही, पण तिने काही सांगून ठेवलं नव्हतं आणि तिच्या वतीने ठरवणारी मी कोण. सकाळी बघितलं तर पिठावर काहीच नव्हतं, जसं पसरलं तसं. कुठं गेली ते तिने सांगितलंच नाही. तिच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

तर मारावं का नाही मारावं, तुम्ही विचारलंत. मला नाही सांगता येत, ताई. ह्यांच्या मते चावतो त्याला मारावं, वहिनींच्या मते एकादशी सोडून, माझ्या सासूने आपल्याच पोरासाठी विष पसरलं आणि मरताना त्याला पाणी पण पाजलं. कोणाला चूक म्हणू? मी आपली मारत आले आणि नंतर नंतर मारते म्हणून सांगत आले, एवढंच माझं.

आता चाळ पाडली, टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर, सुलू आणि जावई माझ्याजवळच राहतात. दर तीन महिन्यांनी फवारणीवाला येतो, तोंडाला फडकं, पाठीवर टाकी. मी त्याला दर वेळी विचारते, ह्याने मरतात का रे. तो म्हणतो, आजी, दिसणार नाहीत. मी म्हणते, बरं.

तब्येत म्हणाल तर आता व्हायचं तेच होतंय. सुलूला सांगून ठेवलंय, माझ्या बाराव्याला पीठ साधं घे, आणि त्या खेपेला फवारणीवाल्याला बोलवू नको. तिला मी मागेच सगळं सांगितलेलं, ती म्हणाली, आई, आजीने तर बाबांना सोडवलं होतं. म्हटलं, त्यांना घाई होती, मला नाही. तुझ्या ओट्यावर चार दिवस फिरीन, तू काय शिजवतेस बघीन, मिशा हलवत. किळस आली तर तोंड फिरव. चहा घ्या ताई, निवला तुमचा, देव तुमचं बरं करो एवढं ऐकून घेतलंत. आणि सुलूला हे पण सांगितलंय, बापासारखं कागदात धरून खाली नेऊन सोडू नको मला. अकरा मजले आहेत, परत चढून यायला मला किती दिवस लागतील.